बिनखात्याचे दोन रुपये

७ एप्रिल १९७५, सोमवार
पोचलो. अनसिंग स्टेशनवर गाडीतून उतरणारा मी एकटाच, त्यामुळे न्यायला आलेल्या छकडेवाल्याला ओळख पटवायची गरज पडली नाही. ट्रंक उचलत त्यानं विचारलं, "तुमीच का ते नंबरवाले बाबू?" म्हणजे माझी कीर्ती माझ्या आधी येऊन पोचली होती. मन प्रसन्न झालं.

डाळमिल गावापासून जरा बाजूला आहे. एक गोदाम, एक रोलरघर, तूर वाळवायला फरशीचं मोठं अंगण, आणि लांब पडवी, जिच्यात बारा बाया ओळीनं बसून सुपात डाळ निवडतात. अंगणाच्या टोकाला दोन खोल्या. पुढची खोली कागदोपत्री कंपनीच्या पाहुण्यांसाठी, पण पाहुणा इथं कोण येणार, म्हणून दोन्ही मला. भिंती स्वच्छ आहेत, निंबाची सावली आहे, पाणी गोड आहे. कुमुदला आवडेल.

काम सोपं आहे. शेठ अकोल्याला राहतात. इथला जुना मुनीम मनाला येईल तसं लिहितो, ते बंद करून प्रत्येक खर्चाला खातं आणि प्रत्येक खात्याला नंबर द्यायचा. माझ्या वहीत त्रेचाळीस खाती तयार आहेत, नंबर गटवार, मधे जागा सोडून. चाळीस लेखनिकाचा पगार, म्हणजे मी. एक्केचाळीस निवडणाऱ्यांची मजुरी. त्रेसष्ट प्रवास. चौसष्ट पाहुणचार. दहा मेपर्यंत वर्षाचा सगळा खर्च नंबरांत बसवून तक्ता अकोल्याला दिला की मी कायम. तसं झालं की कुमुद आणि रंजू इकडे येतील. वर्षभर नोकरी नव्हती. दोघी सांगलीला माझ्या भावाकडे आहेत आणि वहिनी रंजूच्या ताटातल्या पोळ्या मोजते. हे मला दिसतं, कुमुद सांगत नसली तरी.

९ एप्रिल, बुधवार
मुनीम म्हणजे नानाजी. वय पासष्ट, चष्म्याच्या काडीऐवजी सुतळी. याच्या वह्या पाहून मला हसावं की रडावं कळेना. 'बैलाले पेंड' आणि 'बैलवाल्याले पान' एकाच ओळीत. 'साहेब आले, चहा', पण कोण साहेब, किती चहा, पत्ता नाही. एके ठिकाणी नुसतं 'गेले' आणि पुढे साडेतीन रुपये. काय गेलं विचारलं, तर म्हणाला, "गेले तं गेले." आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा सतरा वर्षांचा कारभार.

इथली माणसं वाईट नाहीत, पण डोक्याला ताण द्यायची सवय नाही. मी नंबर समजावून सांगतो तेव्हा सगळे माना डोलावतात आणि मी वळलो की पुन्हा तेच.

एक पान मात्र विचित्र आहे. वर मथळा नाही, खात्याचं नाव नाही. खाली रोजची तारीख आणि रोज दोन रुपये, सतरा वर्षं, एकही दिवस न चुकता. आधी आणे होते, मजुरी वाढली तसा आकडा वाढला. म्हणजे निवडणाऱ्या एका बाईचा रोज. म्हातारा दिसतो तेवढा भोळा नाही तर. या पानानं आजवर किती खाल्लं त्याची बेरीज मी करून ठेवली आहे.

१२ एप्रिल, शनिवार
आज नानाजीला बेरीज दाखवली. चोर पकडला की चेहरा उतरतो, याचा उतरला नाही. त्यानं निवडणाऱ्या बायांची मुख्य, चतुराबाई, हिला बोलावलं. दोघांनी मिळून सांगितलं ते असं.

मिल सुरू झाली त्या वर्षी एक बाई सकाळी कामाला आली. कुठली, कोणाची, माहीत नाही. हजेरी घेणारा उशिरा यायचा, म्हणून नाव लिहायचं राहिलं. दुपारी गोदामात तुरीची रास ढासळली आणि ती खाली गेली. काढेपर्यंत संपली. त्या वेळच्या शेठनं हजेरीपट मागवला, बारा नावं मोजली, बारा बाया उभ्या केल्या आणि म्हणाला, आपलं माणूस एकही कमी नाही, म्हणजे कोणी मेलं नाही. दिवस मावळायच्या आत नाल्याकाठी पुरून मोकळे. तेव्हापासून ओळीत तिच्या बसण्याची जागा सोडतात, एक सूप ठेवतात आणि तिचा रोज बाजूला काढतात. वर्ष सरलं की त्या पैशाचं लुगडं घेऊन वाटेनं जाणाऱ्या एखाद्या बाईला देतात.

मी विचारलं, मग सरळ धर्मादाय खात्यात का लिहीत नाही. नानाजीचं उत्तर शब्दशः उतरवतो, कारण असा नमुना पुन्हा मिळायचा नाही. "तिले खातं नाही द्याचं, बाबू. जे खातं द्याल, तिथं ती येऊन बसते."

चतुराबाईला विचारलं, तुम्ही तर भूतखेत मानत नाही ना. ती म्हणाली की दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं पाण्यात सोडलं, आणि हे भूत नाही, कोणाची पूजाही नाही. "तिनं काम केलं, तिचा रोज देणं लागते. येवढंच हाय." हिच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१४ एप्रिल, सोमवार
जयंतीची सुट्टी. मिल बंद, बाया पांढरी लुगडी नेसून गावात मिरवणुकीला. माझ्या पथ्यावरच पडलं. एकटा बसून अकरा महिन्यांचा खर्च बसवला. ते दोन रुपये पुन्हा समोर आले. नंबर नसलेला खर्च माझ्या तक्त्यात राहणार नाही, बेरीजच जुळायची नाही. बाईचा रोज आहे ना, मग एक्केचाळीस. हजेरीपटावर तेरावी ओळ घातली, नावाच्या रकान्यात 'इतर' लिहिलं. सतरा वर्षांचा घोळ पाच मिनिटांत मिटला. नानाजीला उद्या सांगेन.

१६ एप्रिल, बुधवार
नानाजीला सांगितलं. तो चष्मा काढून पुसत बसला.

गंमत म्हणजे कालपासून निवडलेली डाळ रोज एक पोतं जास्त भरते आहे. बाया त्याच, तास तेच. शिस्त लावली की काम वाढतं, हे या मंडळींना कोण सांगणार. शेठना कळवलं.

१९ एप्रिल, शनिवार
आज आठवड्याचा पगार. बाया अंगठा उठवून पैसे घेतात. टेबलापाशी मी स्वतः बसलो होतो आणि बारा जणी आल्या. संध्याकाळी पट पाहिला तर अंगठे तेरा. तेरावा शाईचा नाही, तुरीच्या पिवळ्या धुळीचा आहे, आणि त्यावर रेघा नाहीत. गुळगुळीत.

कोणीतरी चेष्टा करतंय. मला घाबरवून पळवायचं आणि पुन्हा 'गेले तं गेले' सुरू करायचं, असा बेत असणार. सांगलीचं पाणी यांनी अजून पाहिलेलं नाही.

२३ एप्रिल, बुधवार
भर दुपारी, जेवणाची सुट्टी व्हायच्या सुमारास, गोदामातली रास ढासळली. सोनीबाई, तांड्यावरून येणारी, कमरेपर्यंत गाडली गेली. तिला ओढून काढलं, पायाला लागलंय, जिवावर बेतलं नाही. रास कमरेइतकीच उंच होती आणि पसरट होती. तशी रास ढासळत नाही. मी सकाळीच पाहिली होती.

बाया काम सोडून अंगणात बसल्या. चतुराबाई माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुमी तिले कामावर लावलं, बाबू. ती मेली तवा कामावरच होती. आता ती रोज तेच करून राह्यली." मग म्हणाली की तिला एक्केचाळीसमधून काढा.

नानाजीनं बिनमथळ्याचं पान माझ्यासमोर धरलं. म्हणाला, वेळ आहे तोवर इथं परत लिहा. मी नाही म्हटलं. इथं लिहायचं म्हणजे तक्त्यात रोज दोन रुपये कमी, अकोल्याला उत्तर द्यायचं, आणि काय उत्तर देऊ? मेलेली बाई रोज घेते म्हणून? दोन अडाण्यांच्या सांगण्यावरून मी नोकरीवर पाणी सोडणार नाही.

२६ एप्रिल, शनिवार
शेठचं पत्र. उत्पादन वाढलं याचा आनंद आहे, पण निवडणाऱ्या बाया बाराच मंजूर आहेत, तेरावी चालणार नाही, ओळ काढावी. बरं झालं. मलाही ती ओळ नको होती. पगाराच्या वेळी आज मी पटावरून डोळे हलवले नाहीत, तरीही तेरावा अंगठा उठला. कधी उठला ते दिसलं नाही.

ते दोन रुपये चौसष्टमध्ये फिरवले. पाहुणचार. तिथं हजेरी नाही, अंगठा नाही, कोणाला गोदामात जावं लागत नाही. चतुराबाईचंही समाधान. असं डोकं चालवावं लागतं.

२८ एप्रिल, सोमवार
मिलमध्ये शांतता. पोतीही पूर्वीइतकीच.

दुपारी जेवायला खोलीवर आलो तर पाट दोन मांडलेले. मी एकच मांडतो. माझ्या पाटावर ताट होतं, दुसऱ्यापुढे काही नव्हतं. तांब्या रिकामा. पुढच्या खोलीतल्या खाटेवर पिवळी धूळ, कोणीतरी बसून उठल्यासारखी.

पुढची खोली पाहुण्यांची. कागदोपत्री.

३० एप्रिल, बुधवार
रोज दुपारी बारा ते दोन. दिसत काही नाही. मी वाढून घेतो आणि भात कमी होतो. आज वैतागून दोन ताटं वाढली. दुसरं ताट स्वच्छ झालं, बोटानं पुसून घेतल्यासारखं. किती दिवसांची भूक असेल?

हे मी लिहिलं? मी बी.कॉम. आहे.

पाहुणा जात नाही म्हणून नानाजीकडे गेलो. म्हटलं, द्या ते पान, लिहितो. त्यानं मान हलवली. म्हणाला, आता ती त्या पानावर नाही जायची. सतरा वर्षं तिला कोणी जेवायला बस म्हटलं नव्हतं, तुम्ही म्हटलं. एकदा ताटावर बसलेलं माणूस पुन्हा उंबऱ्याबाहेर कसं उभं राहील? आता फक्त या खात्यातून त्या खात्यात. आणि म्हणाला, जिथं जागा मोजकी असेल तिथं लिहू नका.

३ मे, शनिवार
कुमुदचं पत्र. वहिनीशी बोलाचाली झाली, आता तिथं राहणं होत नाही. नऊ तारखेला दुपारच्या गाडीनं येतेय, रंजूला घेऊन. कंपनीनं भाडं मंजूर केलंय, तिकिटं काढली.

येऊ नको म्हणून तार करायला हवी. काय लिहू तारेत? आणि तिनं जायचं कुठं?

ही खाट रिकामी व्हायला हवी. रंजू पाच वर्षांची आहे.

६ मे, मंगळवार
सुचलं. त्रेसष्ट. प्रवास. जाऊ दे तिला. कुठंही जाऊ दे, इथून जाऊ दे.

फिरवलं. शाई वाळेपर्यंत बसून होतो.

८ मे, गुरुवार
गेली. काल आणि आज एकच पाट. खाट झाडली, चादर बदलली, रंजूसाठी भिंतीला कॅलेंडर लावलं. भात पुरला. दहा दिवसांत पहिल्यांदा झोप लागली. गावंढळांना जे सतरा वर्षांत सुधरलं नाही ते मी महिन्याभरात केलं. तक्ताही जुळला. त्रेचाळीस खाती, सगळ्या बेरजा बरोबर.

त्रेसष्टमध्ये या महिन्यात एवढाच खर्च: ते दोन रुपये रोज आणि कुटुंबाचा प्रवास, एक अख्खं तिकीट, एक अर्धं.

एक अख्खं, एक अर्धं.

जागा मोजकी

९ मे, शुक्रवार, दुपारी दोन
गाडी आली. रंजू उतरली. तिचा हात धरून एक बाई उतरली, जुनं हातमागाचं लुगडं, केसांत पिवळी धूळ. कुमुद नाही. मी डबे पाहिले, सगळे, गार्डनं खाली उतरवेपर्यंत.

रंजू सांगते की टीसी आला. त्यानं मोजलं. अख्खं तिकीट या मावशीचं, म्हणाला, अर्धं माझं. आईकडे तिकीट नव्हतं. आई पर्स शोधत राहिली. मग तिला उतरवलं. स्टेशनचं नाव रंजूला वाचता येत नाही. मावशीनं मला पाणी दिलं, म्हणते, मावशी चांगली आहे. आई कधी येणार?

ती बाई खोलीत बसली आहे. काही करत नाही. सूप घेऊन बसली आहे.

तीन वाजता
कचेरीत. रंजू बाकावर, नानाजीपाशी. तो तिला शेंगा सोलून देतोय. माझ्याकडे बघत नाही.

तिला त्रेसष्टमधून उठवलं की कुमुदची जागा मोकळी. उठवून बसवू कुठं? चौसष्ट, म्हणजे रंजूच्या खोलीत. नाही. एक्केचाळीस. तिथं बाराच मंजूर. ती बसली की एक उठेल. सोनीबाई उठेल. तांड्यावरची बाई, पाय मोडका, कोण विचारणार तिला, कामावर येतच नाही ती हल्ली

त्या शेठनंही असंच मोजलं असेल. हेच शब्द असतील त्याचे.

मी एक्केचाळीस लिहून खोडलं. शाई फुटली आहे पानावर.

पावणेचार
चतुराबाई दारात आली. मी सांगितलं सगळं. ती रागावेल असं वाटलं. तिनं एवढंच विचारलं की कुमुद कशी दिसते, आणि पडवीतल्या दोघींना हिंगोलीच्या बाजूनं लाइनीलाइनीनं पाहायला धाडलं. मी या बाईला पालथा घडा म्हणालो होतो. लाज वाटते. लिहून ठेवतो.

एकाच माणसाचं खातं एकच उरलं आहे. चाळीस. लेखनिकाचा पगार. मंजूर जागा एक.

रंजूनं विचारलं, बाबा काय लिहिताय. म्हटलं, आईला बोलावतोय.

साडेचार
लिहिलं. त्रेसष्टमधून चाळीस. सही केली. सहीतलं नाव वाचता येत नाही, माझंच अक्षर आहे, पण

गाडीची शिट्टी. या वेळेला गाडी नसते.

माझ्या खुर्चीवर कोणीतरी बसलं आहे. मी उभा आहे. कधी उठलो? वही हातात, पेन हातात. नानाजीनं वर पाहिलं, मला विचारलं, "कोन पायजे, बाप्पा?"

नानाजी, मी. मी वझे. दत्तात्रय व

फाटकातून कुमुद. चालत. पदरावर धूळ, पण तीच आहे, कुमुदच आहे. रंजू धावली. उचललं तिनं. आली. वर आली. हसतेय, रडतेय. माझ्याकडे पाहिलं

पदर सावरला. परक्या पुरुषासमोर सावरते तसा. आणि नानाजीला विचारतेय की आमचे हे कुठं